ओढ्यातले जिवाणू कुणाचे: डेपोचे की गावाचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "आमचं गाव नाशिक तालुक्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला कचरा डेपो आहे आणि त्याच्या पायथ्यावरून येणारा ओढा गावाला लागून वाहतो. ओढ्यापासून पंधरा-वीस पावलांवर नळयोजनेची विहीर. जुलैपासून ओढ्याचं पाणी कोऱ्या चहासारखं झालंय. नमुना तपासला तर 'फिकल कॉलिफॉर्म १६०० पेक्षा जास्त' असा अहवाल आला. डेपोवाले म्हणतात, हे जिवाणू गावच्या संडासांचे. गाव म्हणतं, डेपोचे. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) दुप्पट टाकतो, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी) पिवळी येते, तरी जुलाबाचे पेशंट थांबत नाहीत. ओढ्याच्या पाण्यावर कोथिंबीर, मेथी आणि दोन-तीन द्राक्षबागा आहेत. डेपोवर हे कसं सिद्ध करायचं आणि तोवर काय करायचं?" (ग्रामपंचायत सदस्या, नाव आणि गाव त्यांच्या विनंतीवरून वगळलं आहे.)

ताई, नमस्कार.

आधी विहीर, मग भांडण. कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ डेपोची नाही, ती टीसीएलची आहे. दुप्पट पावडर टाकून, ओटी पिवळी येऊनही माणसं आजारी पडतात, याचा अर्थ क्लोरीन पाण्यात जातोय, पण जंतूंपर्यंत पोचत नाहीये. मध्ये त्याला कुणीतरी खातंय. बहुतेक वेळा तो अमोनिया असतो.

कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यात, म्हणजे लीचेटमध्ये, अमोनिया भरपूर असतो. लिटरला शेकड्यांनी मिलिग्रॅम, कधी हजाराच्याही वर. क्लोरीन अमोनियाला भेटला की क्लोरामाइन तयार होतं, आणि ते मोकळ्या क्लोरीनपेक्षा जंतू मारण्यात फारच मंद. मोकळा क्लोरीन उरायला हवा असेल तर आधी सगळा अमोनिया संपवावा लागतो, आणि त्यासाठी अमोनिया-नायट्रोजनच्या (म्हणजे अमोनियातल्या नायट्रोजनच्या वजनाच्या) साधारण ८ ते १० पट क्लोरीन लागतो. हिशेब करून बघा. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर धरलं तर ३७,७०० लिटर पाणी झालं. नेहमीच्या मापाने, म्हणजे १००० लिटरला अडीच ग्रॅम, साधारण ९५ ग्रॅम टीसीएल पुरतं. पण त्याच पाण्यात लिटरला फक्त २ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल तर लिटरला २० मिलिग्रॅम क्लोरीन लागेल. पावडरीत ३० टक्के क्लोरीन धरला तर अडीच किलो टीसीएल. सव्वीस-सत्तावीस पट! आणि तेही एकदाच टाकून भागत नाही, कारण झरे नवा अमोनिया आणतच असतात. दुप्पट पावडर म्हणजे इथे काहीच नाही. अडीच किलो टाका असं आम्ही अजिबात सुचवत नाही. लीचेटमधल्या सेंद्रिय घाणीशी एवढा क्लोरीन मिसळला की वासही सुटतो आणि शरीराला नको असलेली संयुगंही तयार होतात.

मग ओटी पिवळी कशी येते? ऑर्थोटोलिडीनचा थेंब मोकळ्या क्लोरीनशी लगेच, दहा सेकंदांच्या आत रंग देतो. क्लोरामाइनशीही तो पिवळा होतो, पण सावकाश, पाच-दहा मिनिटांत. जलसुरक्षकाने (गावात पाणी तपासणाऱ्याने) थेंब टाकले, तेवढ्यात कुणाशी दोन शब्द बोलला आणि मग नळी उजेडात धरली, तर पिवळा दिसणारच. वहीत 'ओटी पॉझिटिव्ह'. उद्या दोनदा बघायला सांगा: थेंब टाकल्या टाकल्या एकदा आणि पंधरा मिनिटांनी एकदा. आधी पांढरं, नंतर पिवळं, असं झालं तर विहिरीत अमोनिया आहे असं धरून चाला. (टीसीएलची पिशवी उघडी आणि ओलसर जागी राहिली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो, हेही एक नेहमीचं कारण. पण मग रंग पंधरा मिनिटांनीही येत नाही, म्हणून दोन्ही वेळा बघायचं.)

म्हणून ही विहीर पिण्यासाठी आजच बंद करा. नळाने सोडलेलं पाणी 'फक्त वापरायचं' अशी दवंडी द्या आणि पिण्यासाठी टँकर किंवा डेपोच्याही वरच्या अंगाचा, तपासलेला बोअर धरा. पाणी उकळलं की जंतू मरतात, खळखळून एक उकळी पुरते. पण क्षार, नायट्रेट, जड धातू उकळून जात नाहीत. पाणी आटतं तसे ते उलट थोडे दाटच होतात. नायट्रेटचं खास सांगायचं तर मुरुमातून जाताना हवा मिळाली की अमोनियाचा नायट्रेट होतो. त्यामुळे विहिरीत अमोनिया कमी आणि नायट्रेट जास्त असंही दिसू शकतं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तिला सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावर असलेल्या बाळासाठी तर या विहिरीचं पाणी उकळूनही वापरायचं नाही, हे आशाताईंना आवर्जून सांगा.

आणखी एक. टंचाई आली की मोटार जास्त वेळ चालवली जाते. विहिरीची पातळी खाली गेली की ती भोवतालचं पाणी स्वतःकडे ओढते, आणि पंधरा पावलांवर ओढा असेल तर ओढ्याचंच ओढते. काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून धावतं. वाळूत जशी थोडीफार गाळणी होते तशी इथे होत नाही. याची परीक्षा सोपी आहे: मोटार सुरू करण्याआधी विहिरीच्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, क्षार जास्त तर आकडा जास्त) मोजा, चार तास उपसा करून पुन्हा मोजा. आकडा ओढ्याच्या ईसीकडे सरकत गेला तर विहीर ओढा पितेय.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुमच्या हातातल्या अहवालावर डेपोही सिद्ध होत नाही आणि गावही सुटत नाही. फिकल कॉलिफॉर्म हे माणसाच्या आणि गरम रक्ताच्या सगळ्याच प्राण्यांच्या आतड्यातले जिवाणू. ते पाण्यात आहेत म्हणजे विष्ठा कुठूनतरी आली. कुठून, ते हा आकडा सांगत नाही. शिवाय '१६०० पेक्षा जास्त' हा खरं तर आकडाच नाही. प्रयोगशाळेत पंधरा नळ्यांची जी पद्धत वापरतात (दहा, एक आणि ०.१ मिलिलिटरच्या प्रत्येकी पाच) तिचा तक्ता तिथे संपतो. प्रत्यक्षात दोन हजार असतील किंवा वीस लाख. पुढच्या वेळी नमुना देताना स्पष्ट सांगा की ओढ्याचं घाण पाणी आहे, पातळ करून लावा आणि नेमका आकडा द्या. तो आला तरी त्याला फार घट्ट धरू नका. या पद्धतीत ५०० लिहिलं असेल तर खरा आकडा २०० ते २००० मध्ये कुठेही असू शकतो. त्यामुळे ३०० आणि ६०० मधल्या फरकावरून ग्रामसभेत आवाज चढवण्यात अर्थ नाही. दहापट फरक असेल तर बोला.

डेपोतून जिवाणू येतात हे खरं. डायपर, सॅनिटरी पॅड, कुत्री-डुकरं-उंदीर, मटणाच्या दुकानांचा कचरा, आणि कुठे कुठे रात्री रिकामा होणारा मैल्याचा टँकर. या टँकरची तेवढी चौकशी कराच. ताज्या कचऱ्याच्या पाण्यात ते भरपूर असतात. पण ढीग जुना होत जातो तसे घटतात, कारण आत कुजताना उष्णता साठ अंशांपर्यंत जाते, सुरुवातीला पाणी आंबट असतं आणि अमोनियाही त्यांना मानवत नाही. उलट गावच्या गटारातल्या मैलापाण्यात १०० मिलिलिटरला दहा लाख ते एक कोटी फिकल कॉलिफॉर्म सहज असतात. म्हणजे मैलापाणी शंभरात एक भाग मिसळलं तरी जिवाणू हजारोंनी उसळतात आणि पाण्यातले क्षार जेमतेम हलतात. लीचेट शंभरात एक भाग आलं तर क्षार आणि अमोनिया ठळक चढतात, जिवाणू त्या मानाने कमी. ही उलटी चालच तुम्हाला दोघांना वेगळं करून देईल. म्हणून जिवाणूंच्या जोडीला दर वेळी क्लोराइड, अमोनिया-नायट्रोजन, ईसी आणि सीओडी (पाण्यातल्या घाणीला लागणाऱ्या ऑक्सिजनचं रासायनिक माप) मोजायचे.

सुरुवात फुकटात होते. द्राक्षवाल्यांकडे ईसी-पीएचचं खिशातलं मीटर असतंच. ते घ्या आणि पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांनी, ओढा स्थिर वाहत असताना, गावापासून वर डेपोच्याही पलीकडे चालत जा. दर पन्नास पावलांवर ईसी बघा, वहीत लिहा. काळ्या पाषाणातल्या (बेसाल्टमधल्या) ओढ्याची ईसी पावसाळ्यात बहुधा काही शेकड्यांत असते, लीचेटची हजारांत. कुठेतरी आकडा एकदम उडी मारेल. तिथे थांबून काठ नीट बघा. लीचेट बाहेर पडतं त्या जागी दगडांवर गंजासारखा तांबूस, बुळबुळीत थर बसलेला असतो. आत हवेवाचून विरघळलेलं लोखंड बाहेर हवा लागताच बसतं आणि त्यावर लोहजिवाणू वाढतात. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने टोचा. काचेसारखे तुकडे होऊन विलग झाला तर तो लोहजिवाणूंचा, फुटून पुन्हा जुळला तर तेलाचा. थोडं खाली दगडांना, मुळांना राखाडी, भिजल्या कापसासारखे झुपके लोंबत असतील तर ती सेंद्रिय घाण जास्त असल्याची खूण, मग ती डेपोची असो वा गटाराची. प्रत्येक जागेचा फोटो घ्या, शेजारी ओळखू येईल असं झाड किंवा खांब ठेवून.

मग पैसे खर्चून सहा जागांचे नमुने घ्या: डेपोच्या लगेच वर, डेपोच्या पायथ्याशी पाझरणारं काळं पाणी (ओढ्यात मिसळण्याआधी), मिसळल्यानंतर दोन वळणं खाली (जिथे पाणी पुरतं एकजीव झालंय), गावचा नाला ओढ्याला मिळतो त्याच्या वर, नाला मिळाल्यावर विहिरीजवळ, आणि खुद्द विहीर. दुसरी जागा लोक नेहमी विसरतात, आणि तीच सगळ्यात मोलाची. सगळे नमुने एकाच दिवशी. ओढ्यात उतरावं लागत असेल तर खालून वर जा, म्हणजे ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येत नाही. गाळात हे जिवाणू वाहत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस तग धरतात. त्यामुळे नुकतीच जनावरं उतरलेल्या जागी नमुना घेऊ नका. पायथ्याच्या काळ्या पाण्याचा नमुना मात्र सगळ्यात शेवटी, नवे हातमोजे घालून.

जिवाणूंची बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली आणायची. ती विसळायची नाही. झाकणाच्या आत बोट लागू द्यायचं नाही, झाकण खाली ठेवायचं नाही. प्रवाहाकडे तोंड करून उभं राहायचं, बाटली उलटी धरून वीतभर खाली न्यायची आणि तिथे तिचं तोंड पाणी येतं त्या बाजूला करून तिरपी करायची. पाणी उथळ असेल तर मधोमध, तळ न ढवळता. काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा सोडा. विहिरीत टीसीएल टाकलं असेल तर सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली मागा. नाहीतर रस्त्यात उरलेला क्लोरीन जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटाच चांगला येतो. अमोनिया आणि सीओडीसाठी वेगळी बाटली, तिच्यात प्रयोगशाळेने दिलेलं आम्ल. बीओडीच्या (जिवाणू घाण कुजवताना लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) बाटलीत आम्ल नको. सगळं थर्माकोलच्या पेटीत, बर्फासोबत, पण गोठू न देता, आणि सहा तासांच्या आत टेबलावर. सकाळी आठला सुरुवात केली तर हे नाशिकमध्ये आरामात जमतं.

जलजीवन मिशनच्या किटमधली जिवाणूंची कुपी, जिच्यात पाणी भरून ठेवलं की काळं होतं ती, इथे जपून वापरा. ती हायड्रोजन सल्फाइड बनवणाऱ्या जिवाणूंवर चालते, आणि लीचेटमध्ये सल्फाइड आधीच असू शकतं. कुपी तासाभरातच काळी पडली तर ते रसायनाचं काम, जिवाणूंना कित्येक तास लागतात. साध्या विहिरीला ती उत्तम आहे. डेपोच्या पाण्याला तिचा पुरावा देऊ नका, समोरचा माणूस दोन मिनिटांत खोडून काढेल.

अहवाल आले की गणित असं. समजा डेपोच्या वर क्लोराइड लिटरला ३० मिलिग्रॅम, पायथ्याच्या काळ्या पाण्यात १८३०, आणि मिसळल्यावर ४८. वाढ १८ ची, तिला १८०० ने भागलं की ०.०१. म्हणजे ओढ्यात एक टक्का लीचेट आहे. क्लोराइड कुठे बसत नाही, उडत नाही, कुणी खात नाही, म्हणून हा हिशेब त्याच्यावरच करायचा. आता काळ्या पाण्यात जिवाणू ४०,००० असतील तर त्यांचा एक टक्का ४००. वरच्या पाण्यातले २०० मिळवा, ६०० व्हायला हवेत. तिसऱ्या जागी पाच-सातशे आले तर तिथली भर डेपोची, जवळपास सगळी. पण पाचव्या जागी, गावचा नाला मिळाल्यावर, जिवाणू १६,००० आणि क्लोराइड जेमतेम ५० असेल, तर ते पंधरा हजार डेपोचे नाहीत. ते तुमचे आहेत. हे आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतलेत, तुमचे वेगळे असतील. मात्र पोटॅश म्हणून शेतात पडतं ते म्युरिएट ऑफ पोटॅशही क्लोराइडच असतं. म्हणून पहिला नमुना डेपोच्या लगेच वरचाच हवा, दोन शेतं सोडून वरचा नको. आणि कुणी 'फिकल कॉलिफॉर्म भागिले स्ट्रेप्टोकोकस करा, माणसाचं की जनावराचं ते कळतं' असं सुचवलं तर त्यात पैसे घालू नका. ते गुणोत्तर आता भरवशाचं मानत नाहीत.

आमचा अंदाज, तुमच्या पत्रावरूनच: दोघंही निघतील. चहासारखा रंग आणि विहिरीत क्लोरीन न टिकणं डेपोकडे बोट दाखवतं. जुलाबाचे जंतू मात्र गावच्या सेप्टिक टाक्यांमधून येत असण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि अमोनियाने क्लोरीन खाल्ल्यामुळे ते जिवंत राहतात. एकाने कुलूप तोडलं, दुसरा घरात शिरला, असा हा प्रकार आहे. म्हणून तक्रारीआधी विहिरीपासून पन्नास पावलांतल्या टाक्या आणि शोषखड्डे बघून घ्या. ज्यांचा आउटलेट सरळ नाल्यात आहे ते बंद करा. हे आधी केलंत तर सुनावणीत तुमच्यावर उलटण्यासारखं काही उरत नाही.

तक्रार कशी लिहायची यात एक मेख आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ (१ एप्रिल २०२६ पासून त्यांच्या जागी २०२६ चे नियम) यांच्या दुसऱ्या अनुसूचीत प्रक्रिया केलेल्या लीचेटची मानकं होती. नदी-नाल्यात सोडायचं तर बीओडी ३०, सीओडी २५०, अमोनिया-नायट्रोजन ५०, क्लोराइड १०००, विरघळलेले क्षार २१००, सगळं लिटरला मिलिग्रॅममध्ये, आणि पीएच ५.५ ते ९. या यादीत कॉलिफॉर्म नव्हतंच. तुम्ही नुसते जिवाणू घेऊन गेलात तर समोरून 'आमच्या मानकात ते बसत नाही' असं उत्तर येऊ शकतं. म्हणून पायथ्याच्या पाण्याची तक्रार अशा आकड्यांवर करा, आधी ते नव्या नियमांशी ताडून. जिवाणूंचं बोलताना ओढ्याचे निकष धरा: आंघोळीच्या पाण्याला फिकल कॉलिफॉर्म १०० मिलिलिटरला ५०० इष्ट, कमाल २५००. पिण्याच्या पाण्यात तर ते १०० मिलिलिटरमध्ये सापडताच कामा नयेत. २०१६ च्या त्याच नियमांत भरावभूमीच्या (कचरा पुरण्याच्या) जागेचेही निकष होते: नदीपासून १०० मीटर, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर अंतर, तळाशी दीड मिलिमीटरची एचडीपीई (जाड प्लॅस्टिकची) चादर आणि तिच्याखाली ९० सेंटीमीटर दाबलेली माती, आणि हद्दीपासून ५० मीटरच्या आतल्या भूजलाची उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशी तपासणी. माहितीच्या अधिकारात हेच अहवाल मागा, तारखा घालून. 'प्रदूषणाबाबत सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही.

तुमचे खासगी नमुने हे तक्रारीचं कारण म्हणून चालतात, खटल्यातला पुरावा म्हणून नाही. जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील करून घेतलेलाच नमुना तिथे धरतात. त्यामुळे सातपूरच्या उद्योग भवनातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र देताना मागणी एकच ठेवा: 'आमच्या उपस्थितीत, सोबतच्या नकाशातल्या सहा जागी, कलम २१ नुसार नमुने घ्यावेत.' सोबत ग्रामसभेचा ठराव, ईसीची वही, फोटो. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना जुलाबाच्या रुग्णांची तारीखवार यादी वेगळी द्या, रुग्णांची नावं मंडळाच्या पत्रात नकोत. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर जो स्वच्छता सर्वेक्षणाचा दौरा होतो, ज्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं, त्यात ही विहीर खरी दाखवा. हिरव्या कार्डाच्या हौसेपायी माहिती झाकली तर तेच कार्ड पुढे तुमच्याविरुद्ध दाखवलं जाईल. पुढची पायरी म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२) किंवा पुण्यातलं हरित न्यायाधिकरण. निधी नाही ही सबब चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात १९८० मध्येच सांगून ठेवलंय.

डेपोकडून काय मागायचं? सगळ्यात आधी पावसाचं पाणी ढिगात शिरू न देणं. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. पन्नास मिलिमीटरची एक सर म्हणजे पाच लाख लिटर, आणि त्यातलं जेवढं ढिगात मुरेल तेवढं काळं होऊन बाहेर येणार. म्हणून वरच्या अंगाला चर खणून डोंगराचं पाणी बाजूने काढणं, चालू जागा सोडून बाकी ढीग मातीने झाकून उतार देणं, आणि पायथ्याला गोळा करणारा चर काढून तो चादर घातलेल्या हौदात नेणं. हौद जूनआधी रिकामा हवा. पावसाळ्यात तोच भरून वाहतो, आणि बहुतेक वेळा ओढ्यात येतं ते हेच.

काय स्वीकारायचं नाही तेही सांगतो. ओढ्यात मुरुमाचा बांध घालून काळं पाणी अडवणं: ते तिथे साचून जमिनीत मुरतं आणि तुमच्या विहिरीत येतं. ओढ्यावर ब्लीचिंग पावडर मारणं: वर सांगितलेला अमोनियाचा खेळ, शिवाय मासे मरतात ते वेगळेच. कल्चर (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं द्रावण) फवारणं: वास कमी होतो, क्षार आणि अमोनिया तसेच राहतात. काठाने कर्दळ लावणं सांडपाण्याला चांगलं, पण दाट लीचेट सरळ सोडलं तर कर्दळच जळते.

शेतीचं लवकर आवरतो. कोथिंबीर, मेथी, पालक, कच्चं खाल्लं जाणारं काहीही या पाण्यावर नको, आणि काढलेली भाजी ओढ्यात धुवायची तर मुळीच नाही. द्राक्षाला ठिबकने जिवाणूंची भीती कमी, पण ईसी १००० मायक्रोसिमेन्सच्या वर गेली की वेलीवर क्षारांचा ताण सुरू होतो, पानांच्या कडा करपतात. फवारणीचं द्रावण मात्र या पाण्यात करू नका. जनावरांना हौदात वेगळं पाणी. आणि डेपोच्या खालच्या पाण्यात उंदरांचं मूत्र असतं, त्यामुळे नमुने घेणाऱ्यांसह सगळ्यांनी गमबूट घालावेत. पायाला जखम असेल त्याने उतरूच नये. पाण्यात गेल्यावर पंधरवड्यात थंडी-ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना 'ओढ्यात उतरलो होतो' हे वाक्य न विसरता सांगायचं, लेप्टोची (उंदरांच्या मूत्रातून होणाऱ्या तापाची) तपासणी त्यावरूनच सुचते.

ता.क. नमुने सोमवारी किंवा मंगळवारी न्या. जिवाणूंच्या नळ्या २४ तासांनी आणि ४८ तासांनी बघाव्या लागतात, मग त्यावर पुढची पायरी लावतात. शुक्रवारी दिलेली बाटली रविवारी कोण बघणार?